गेम लावला की बंद पडणारा कॉम्प्युटर

मागच्या वेळी मी मिक्सर आणि इस्त्रीच्या दुरुस्तीबद्दल बोलले, तेव्हा तिघीचौघींनी स्टेशनवर फोन करून जवळपास एकच प्रश्न विचारला. घरात मुलाचा कॉम्प्युटर आहे, एरवी नीट चालतो, पण गेम लावला की बंद पडतो. दुकानदार मोठा खर्च सांगतो, मुलगा म्हणतो मी काही केलं नाही, आणि घरात रोज वाद. काय करावं?

हा प्रश्न ऐकून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या घरात हेच झालं होतं आणि त्यात मी मुलावर अन्याय केला होता. तेच आज सांगते.

आम्ही इचलकरंजीत राहतो. गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. आमचे हे मागावर जॉबर आहेत. मी घरी मराठी टायपिंग करते, लग्नपत्रिका, बचत गटांचे हिशेब, अर्ज, असं. आमचा कॉम्प्युटर २०२० सालचा, लॉकडाऊनमध्ये मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. तेव्हा तो आठवीत होता. गेल्या वर्षी बारावीची परीक्षा संपली, मामाने बक्षीस म्हणून पैसे दिले आणि त्यात स्वतःची साठवण घालून त्याने एक जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं. ते बसवलं आणि फोर्झा होरायझन नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू झाला. मेक्सिकोतल्या रस्त्यांवर गाडी पळवायची. दिसायला सुंदर आहे हो, ज्वारी शेकता शेकता मीही बघत उभी राहिलेय.

आठ दिवसांत तक्रार सुरू झाली. पंधरावीस मिनिटं खेळ चालायचा आणि फट्‌दिशी सगळं बंद. लगेच बटण दाबलं तर पुन्हा बंद. थोड्या वेळाने सुरू व्हायचा. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार लागतील. आमचे हे म्हणाले, "गेम खेळून खेळून खराब केलाय. विकून टाका." मुलगा म्हणाला, "आई, मी काहीच केलं नाही गं." मी काय केलं? कॉम्प्युटरची पॉवरची वायर काढली आणि तांदळाच्या डब्यात लपवली. माझं काम असेल तेव्हा काढायची, झालं की परत डब्यात. मुलगा चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

माझ्याकडे पुरावा होता ना! मी दिवसभर टायपिंग करते तेव्हा तो कधीच बंद पडत नाही. मग दोष गेमचाच.

पुढच्या आठवड्यात भाचीचं डोहाळजेवण झालं. त्याचा व्हिडिओ जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. सगळे तुकडे जोडले, गाणं घातलं आणि शेवटची फाइल तयार करायला लावली. बाराव्या मिनिटाला कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद. गेम नाही, मुलगा घरात नाही, खुर्चीत मी.

मैत्रिणींनो, हीच यातली किल्ली आहे. पत्र टाइप करताना कॉम्प्युटर जवळजवळ आराम करत असतो. गेम किंवा व्हिडिओचं काम लावलं की त्याचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण जोर लावतात. जास्त वीज ओढतात, जास्त तापतात. आपल्या घरात दिवा आणि पंखा चालू असताना काही होत नाही, पण गीझर आणि इस्त्री एकदम लावली की एमसीबी पडते. तेव्हा आपण इस्त्रीला दोष देतो का? वायरिंग बघतो. इथेही तसंच. गेमने कॉम्प्युटर बिघडत नाही. आधीपासून असलेला कच्चेपणा गेममुळे उघडा पडतो.

त्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "मागावर बाणा तुटला की माग थांबतो, तेव्हा तुम्ही काय करता?" म्हणाले, "थांबला ते बरंच. कापड खराब होऊ नये म्हणूनच थांबतो. आपण धागा शोधायचा." मग स्वतःच गप्प झाले. वायर मी तांदळातून काढली आणि मुलाच्या हातात दिली.

पहिलं काम केलं ते वहीचं. शाळेची अर्धी कोरी वही घेतली आणि प्रत्येक वेळी बंद पडला की लिहायचं: तारीख, किती वाजले, काय चालू होतं, किती मिनिटांनी पडला आणि कसा पडला. हे "कसा" फार महत्त्वाचं. सगळं एकदम अंधार झालं, पंखेही थांबले, तर उष्णता किंवा वीजपुरवठ्यावर आधी संशय घ्यायचा. पडदा काळा पण पंखे फिरतायत, तर ग्राफिक्स कार्डाकडे बघायचं. निळा पडदा येऊन इंग्रजीत काही लिहून आलं, तर रॅम किंवा ड्रायव्हर असण्याची शक्यता बरीच, आणि त्या निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. नुसता गेम बंद होऊन आपण डेस्कटॉपवर आलो, तर बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, त्या गेमचं किंवा ड्रायव्हरचं काहीतरी असतं. शंभर टक्के असंच असतं असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. आमच्याकडे दर वेळी पहिला प्रकार.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. मुलाने ती उघडली तर लाल खूण आणि "कर्नल पॉवर ४१". तो घाबरला. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर रीतसर बंद न होता बंद पडला. का पडला ते त्यात नसतं. ते तर आपल्याला माहीतच होतं! तेवढी नोंद दाखवून कुणी मदरबोर्ड बदलायला सांगत असेल तर बदलू नका.

मग तापमान बघितलं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आतल्या भागांचं तापमान दाखवतं. टायपिंग करताना प्रोसेसर ५० अंशांच्या आसपास. गेम लावला, आणि पाच मिनिटांत ९०, दहा मिनिटांत ९९. आमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. तिथे पोहोचला की तो आधी स्वतःच संथ होतो, तरी उष्णता आवरली नाही तर जळू नये म्हणून बंद होतो. मागासारखंच.

कॅबिनेट उघडला. आता गल्लीत माग असलेल्या घरात काय निघणार? कापसाची तूस. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यांच्यातून हवा जायची. तिथे तुसाचा असा जाड थर बसला होता की बोटाने उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. वर उदबत्तीचा चिकटपणा, कारण देवघर शेजारीच. पाच वर्षांत आम्ही एकदाही आत बघितलं नव्हतं. पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुणारी मी!

साफ कसा करायचा ते नीट सांगते, इथेच लोक नुकसान करून घेतात. बंद करा, मागची वायर काढा, आणि वायर काढल्यावर पुढचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेली वीज जाते. गॅलरीत न्या. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला स्पर्श करा, कारण अंगावरच्या स्थिर विजेने बारीक भाग जाऊ शकतात. सिंथेटिक साडी नेसून हे काम करू नका, सुती बरी. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घ्या. ब्लोअर असेल तर लांबून मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा वाऱ्याने भणाणत फिरतो आणि खराब होतो. ओलं फडकं नाही. आणि ज्या पेटीत वायर जाते तो एसएमपीएस, त्याला बाहेरूनच साफ करायचं. त्याचं झाकण कधीही उघडायचं नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत धक्का बसेल एवढी वीज राहू शकते.

साफ करताना मुलाला दिसलं, की पंख्याच्या चार कोपऱ्यांना ज्या प्लॅस्टिकच्या खिट्या असतात त्यातली एक अर्धवट बाहेर आलेली आहे. म्हणजे पंख्याखालचा धातू प्रोसेसरला एका बाजूने टेकतच नव्हता. मध्ये जी पेस्ट लावतात तीही वाळून खडूसारखी झाली होती. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसली, नवी मटाराच्या छोट्या दाण्याएवढी मधोमध लावली आणि समोरासमोरच्या खिट्या जोडीने दाबल्या. कट्‌ असा आवाज येतो. चारही आवाज मोजा. गेम लावला, अर्धा तास झाला तरी ७२ अंश. खर्च पेस्टच्या ट्यूबचा. घरात दिवाळी. ह्यांनी भेळ आणली.

दोन दिवसांनी पुन्हा बंद पडला.

माझा चेहरा उतरला. आता मात्र मदरबोर्डच असणार असं वाटायला लागलं. पण मुलगा म्हणाला, "आई, वही बघ." आणि वहीत फरक स्पष्ट होता. आधी नेहमी पंधरावीस मिनिटांनी, म्हणजे तापल्यावर, पडायचा. आता कधी चौथ्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या. तापमान सत्तरीतच. आणि प्रत्येक वेळी शर्यत सुटते त्या क्षणी, सगळ्या गाड्या एकदम धावतात तेव्हा. म्हणजे हा पहिलाच आजार परत आला नव्हता, त्याच्याआड दुसरा दडलेला होता. वही नसती तर आम्ही "साफसफाईचा काही उपयोग झाला नाही" म्हणून चौदा हजार देऊन मोकळे झालो असतो.

या टप्प्यावर एकच शिस्त पाळली: एका वेळी एकच बदल. सगळं एकदम बदललं तर बरं कशाने झालं ते कळत नाही. आधी यूपीएस बाजूला काढला आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघितलं. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं, त्यात यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर ती गेमचा भार पेलत नाही. आणि घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो बहुधा ३६० वॅटचाच असतो, हे त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण थेट लावूनही बंद पडला. म्हणजे यूपीएस निर्दोष. मग रॅमच्या पट्ट्या काढून परत घट्ट बसवल्या आणि मेमटेस्ट रात्रभर चालवली. सकाळी एकही चूक नाही. रॅमही निर्दोष.

मग मुलाने एक युक्ती केली, ती मला फार आवडली. गेममध्ये एक सेटिंग असतं, सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते. त्याने ते ३० वर आणलं. म्हणजे कार्डाला काम कमी, वीज कमी. दीड तास खेळला, एकदाही बंद नाही. परत वाढवलं, सातव्या मिनिटाला अंधार. एक रुपया खर्च न करता कळलं, की भार वाढला की कुठेतरी वीज कमी पडते.

आता एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी देणारी ही पेटी. कॅबिनेटबरोबरच आली होती, वर मोठ्या अक्षरात ४५०. मुलाचं म्हणणं, "कार्डाची कंपनी ४५० वॅटचा सांगते, आपला ४५० चाच आहे." त्याचं गणित चुकलं नव्हतं. लेबल नीट वाचलं नव्हतं. त्या लेबलावर एक छोटा तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिथूनच वीज घेतात. आमच्या पेटीवर १६ लिहिलं होतं. १२ गुणिले १६, १९२ वॅट. आता मागणी बघा. कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ते १२५ वॅटचं. प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा, जोर लावताना क्षणभर त्याहून बराच वर जातो. दोन्ही मिळून १९० झालेच, पंखे आणि डिस्क राहिल्याच. शर्यत सुटली की पेटीचा दम संपायचा. ४५० हा आकडा त्या पेटीवर कुठून आला, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

आणि अजून एक गोष्ट निघाली, ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. त्या कार्डाला आठ पिनांची वेगळी वायर लागते. आमच्या पेटीला ती नव्हतीच, म्हणून मुलाने डिस्कला जाणाऱ्या दोन वायरी जोडून एक करणारा कन्व्हर्टर आणून लावला होता. काढून बघितला तर एका टोकाचं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकलेलं. भोवती ती कापसाची तूस. रात्री दार लावून खेळायचा हा पोरगा. मी काही बोलले नाही, तोही काही बोलला नाही. ह्यांनी तो कन्व्हर्टर घेतला, पक्कडीने तोडला आणि बाहेर टाकून आले.

तुमच्याही मुलाने नवीन कार्ड बसवलं असेल तर आज घरी जाऊन हे एवढं विचारा: कार्डाला वायर थेट एसएमपीएसमधून जाते की मध्ये कन्व्हर्टर आहे? पेटीला ती वायरच नसेल तर ती पेटी त्या कार्डासाठी बनलेली नाही.

नवा एसएमपीएस ५५० वॅटचा घेतला, १२ व्होल्टवर ४३ अँपियर, म्हणजे खरोखरीचे ५१६ वॅट. त्यावर "८० प्लस" अशी खूण आहे. ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते, पण तपासणीतून गेल्याशिवाय ती मिळत नाही, म्हणून मी ती बघते. चार हजारांच्या आत काम झालं. एक सावधगिरी: काही पेट्यांच्या वायरी सुट्या निघतात. जुन्या पेटीच्या वायरी नव्या पेटीला लावायच्या नाहीत, टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असते आणि सगळं जळू शकतं.

मदरबोर्ड अजून तोच आहे. दुरुस्तीवाल्यावर माझा तसा राग नाही. त्याच्यापुढे रोज यंत्रांची रांग, आमच्या घरी तो किती मिनिटांनी पडतो हे त्याला कसं कळणार? पण आता मी कुठल्याही दुकानात दोन प्रश्न विचारते. तापमान किती दाखवलं? आणि दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघितला का? जो नीट उत्तर देतो त्याच्याकडेच यंत्र ठेवते. तुम्हीही वही घेऊन जा. लिहिलेलं दाखवलं की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो, बाईमाणूस म्हणून उडवून लावत नाही. हा माझा अनुभव.

लॅपटॉपवाल्या मैत्रिणींसाठी एकच: तो गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू देऊ नका, हवा घ्यायच्या फटी खाली असतात. उघडायचा मात्र स्वतः नाही, जाणकाराकडेच.

आमच्याकडे आता कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलाय, देवघरापासून लांब. दर दोन महिन्यांनी अमावस्येला माग बंद असतात तेव्हा मुलगा ब्रश घेऊन बसतो. आता तो डिप्लोमाला आहे, हॉस्टेलवर, पण सुट्टीत आला की आधी ते काम. वही टेबलाच्या खणात आहे. शेवटची नोंद त्याच्या अक्षरात: "दोन तास, ७१ अंश, बंद नाही." आणि खाली माझ्या अक्षरात त्या भाचीच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ पूर्ण झाल्याची तारीख. तोवर तिचं बारसंही होऊन गेलं होतं, ते सोडा.

पुढच्या बुधवारी दुपारी मी स्टेशनवर आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी एसएमपीएसच्या लेबलाचा आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून आणा. फोटो काढण्याआधी वायर काढायला विसरू नका. गुणाकार आपण बसून करू. नमस्कार.